योकिच बसतो ती बारा मिनिटं

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या डेन्व्हर नगेट्सचा घरचा सामना तिथे संध्याकाळी सातला सुरू होतो, तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. कामावर निघण्याआधी पहिला क्वार्टर आरामात बघून होतो. गेली काही वर्षं हा संघ नेमाने बघणाऱ्यांना एक दृश्य पाठ झालं आहे. पहिल्या बारा मिनिटांत निकोला योकिच संघाला आठ-दहा गुणांची आघाडी मिळवून देतो. दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला तो विश्रांतीसाठी बेंचवर बसतो. पाच-सहा मिनिटांनी तो पुन्हा कोर्टवर येतो, तेव्हा ती आघाडी दोन-तीनवर आलेली असते. कधी कधी पूर्ण गेलेली असते.

मोसम संपला आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली, की डेन्व्हरच्या चाहत्यांचे सगळे वाद या मिनिटांपाशी येऊन थांबतात. राखीव सेंटर, म्हणजे योकिचसारखा रिंगजवळ खेळणारा उंच माणूस, आणायचा की लांबून नेम धरणारा शूटर? तरुण पोरांना वेळ द्यायचा की अनुभवी माणूस घ्यायचा? आणि प्रत्येकाच्या हातात आपापला आकडा असतो. एक जण म्हणतो, अमुक पाच जण एकत्र असले की संघ अठरा गुणांनी पुढे असतो. दुसरा म्हणतो, तमुक खेळाडू कोर्टवर आला की संघ बुडतो. दोघांचेही आकडे खरे असू शकतात आणि तरीही दोघांचे निष्कर्ष चुकीचे असू शकतात. ते कसं, हे समजून घ्यायला डेन्व्हरइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

आधी थोडी तयारी. एनबीएच्या संघाकडे मोसमात पंधरा खेळाडू पूर्ण करारावर असतात, शिवाय तीन जण असे, जे मुख्य संघ आणि विकास लीग यांच्यात ये-जा करतात. कोर्टवर एका वेळी पाच. सामना ४८ मिनिटांचा, मोसमात ८२ सामने, म्हणजे जादा वेळ सोडला तर ३,९३६ मिनिटं. बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो आणि बदल हवे तितके करता येतात. त्यामुळे एका सामन्यातच पाच-पाच जणांचे कितीतरी वेगवेगळे गट कोर्टवर येऊन जातात. अशा प्रत्येक गटाला लाइनअप म्हणतात. पंधरा जणांतून पाच निवडायचे ३,००३ मार्ग आहेत. प्रत्यक्षात दहाच जण नियमित खेळतात असं धरलं तरी २५२. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लाइनअप चांगली की वाईट हे मोजायचं कसं? नुसते गुण मोजून भागत नाही, कारण एक संघ पळत खेळतो, दुसरा चेंडू घोळवत खेळतो. म्हणून मोजमापाचं एकक आहे पझेशन: चेंडू आपल्या ताब्यात आल्यापासून तो समोरच्याकडे जाईपर्यंतचा एक डाव. सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारण शंभर पझेशन येतात. एखाद्या लाइनअपने शंभर पझेशनमागे ११८ गुण केले आणि ११२ दिले, तर तिचं नेट रेटिंग झालं अधिक ६. क्रिकेटमध्ये आपण धावांऐवजी धावगती बघतो, तसंच हे. फरक इतकाच, की इथे केलेले आणि दिलेले गुण एकाच आकड्यात येतात.

अधिक ६ म्हणजे किती मोठं? याला एक मापदंड देतो. २०२४-२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरने दर सामन्याला सरासरी १२.९ गुणांचा फरक राखला. एनबीएच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा फरक ठरला आणि त्यांनी विजेतेपदही जिंकलं. म्हणजे मोसमभर अधिक १२-१३ हे छत आहे. अधिक ५ हा चांगला संघ. शून्य म्हणजे निम्मे सामने जिंकणारा. आणि एक ढोबळ नियम: सरासरी फरकातला प्रत्येक गुण मोसमात अडीच विजयांइतका पडतो. २०२४-२५ मध्ये डेन्व्हरचा फरक चारच्या आसपास होता. ८२ च्या निम्मे ४१, त्यात चार गुणांचे दहा, झाले ५१. डेन्व्हरने ५० जिंकले. ढोबळ नियमाच्या मानाने हे फारच नेटकं उतरलं.

आता योकिचकडे येऊ. तो कोर्टवर असतानाचं संघाचं नेट रेटिंग आणि तो नसतानाचं, यांतला फरक गेले काही मोसम २० च्या आसपास राहिला आहे. सोपं करून सांगायचं तर, तो असताना डेन्व्हर साधारण अधिक १० आणि तो नसताना उणे १०. म्हणजे एकाच रात्री, एकाच जर्सीत, दोन संघ खेळतात. एक जेतेपदाच्या तोलाचा, दुसरा लीगच्या तळाला शोभेल असा.

योकिच ३६ मिनिटं खेळतो असं धरा. सामन्यातली ७५ टक्के पझेशन त्याची, २५ टक्के त्याच्याशिवायची. ७५ पझेशनमध्ये साडेसात गुणांची कमाई, २५ मध्ये अडीच गुणांचा तोटा. उरले पाच. आता कल्पना करा, की त्या बारा मिनिटांत संघ चमकला नाही, फक्त बरोबरीत राहिला. उणे १० च्या जागी शून्य. मग साडेसात उरतात. वरच्या नियमाने तो अडीच गुणांचा फरक म्हणजे मोसमात सहा विजय. हे सहा विजय मिळवायला नवा तारा लागत नाही, बारा मिनिटं बुडू न देणारी माणसं लागतात. उलट बाजूने बघा: योकिचच्या ३६ मिनिटांतून तेवढीच वाढ काढायची, तर आधीच अधिक १० असलेला गट अधिक १३ च्या वर न्यावा लागेल. तिथे छत जवळ आहे. म्हणून उन्हाळ्यात डेन्व्हरने आधी बेंचकडे बघावं असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी कायम राहिलो आहे.

पण इथेच पहिली फट आहे. योकिच नसतानाचा आकडा म्हणजे योकिचच्या नसण्याचाच आकडा, असं आपण धरून चाललो. माइक मलोन प्रशिक्षक असताना योकिचबरोबर सुरुवातीचे इतरही दोन-तीन जण एकदम विश्रांतीला जायचे, असं पुष्कळदा व्हायचं. मग कोर्टवर उरायचे ते बहुतेक राखीव खेळाडू. तेव्हाच्या उणे १० मध्ये जमाल मरेचं नसणं किती, अॅरन गॉर्डनचं नसणं किती आणि योकिचचं किती? आकडा ते वेगळं करून सांगत नाही. क्रिकेटमधली भागीदारी आठवा. दोघांनी मिळून दीडशे केल्या हे धावफलक सांगतो. एकाने दुसऱ्याला खेळपट्टीवर किती सावरलं हे सांगत नाही.

हा गुंता सोडवायला संख्याशास्त्राने एक मार्ग काढला आहे, त्याला समायोजित प्लस-मायनस म्हणतात. कल्पना शाळेतल्या बीजगणिताची आहे. सामन्यातला बदलाबदलीच्या मधला प्रत्येक तुकडा म्हणजे एक समीकरण: आपल्या पाच जणांची बेरीज वजा समोरच्या पाच जणांची बेरीज बरोबर त्या तुकड्यातला गुणांचा फरक. मोसमभरात अशी हजारो समीकरणं जमतात आणि अज्ञात संख्या काही शे, म्हणजे खेळाडू. सगळी एकदम सोडवायची. यात प्रतिस्पर्धी कोण होता याचाही हिशेब आपोआप होतो. अडचण तिथे येते, जिथे दोन खेळाडू नेहमी एकत्रच खेळतात. क्ष अधिक य बरोबर १० एवढंच माहीत असेल, तर क्ष किती हे कुणीच सांगू शकत नाही. मग पद्धत दोघांनाही थोडं सरासरीकडे ओढून ठेवते. हे प्रामाणिक उत्तर आहे, पण अचूक नाही. एखाद्याचा असा आकडा कुणी दशांश चिन्हापर्यंत सांगितला, तर तो दशांश मी सोडून देतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि ती सर्वांत जास्त विसरली जाते. मिनिटं किती? ३,९३६ मिनिटं २५२ लाइनअपमध्ये वाटली तर एकेकीला पंधरा-सोळा मिनिटं येतात. अर्थात वाटणी सारखी नसते. सुरुवातीच्या पाचांना मोठा वाटा मिळतो, बाकीच्यांना चुरा. २०२३-२४ मध्ये मरे, केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप, मायकल पोर्टर ज्युनियर, गॉर्डन आणि योकिच ही लाइनअप ९५० हून जास्त मिनिटं एकत्र खेळली आणि तिचं नेट रेटिंग दहाच्या वर राहिलं. हा आकडा विश्वास ठेवण्याजोगा आहे. पण "हे पाच जण अधिक २२ आहेत, यांना खेळवा" असं कुणी म्हटलं, की मी आधी मिनिटांचा रकाना शोधतो. बहुतेक वेळा तिथे ६० किंवा ८० असतं.

शंभर मिनिटं तरी पुरतात का, ते हिशेब करून बघू. शंभर मिनिटांत प्रत्येक संघाला सुमारे दोनशे पझेशन मिळतात. आजच्या खेळात समोरचा संघ त्यात ७५ वेळा तरी तीन गुणांच्या रेषेबाहेरून चेंडू टाकतो. लीगची सरासरी ३६ टक्के, म्हणजे २७ आत जायला हव्यात. समजा नशिबाने २१ च गेल्या. सहा फेकी कमी, १८ गुण कमी. दोनशे पझेशनमध्ये १८, म्हणजे शंभरामागे ९. बचावात कुणी काहीही वेगळं केलेलं नाही, फक्त सहा चेंडू रिंगवरून बाहेर उडाले, आणि एक साधारण लाइनअप अधिक ९ दिसायला लागली. ७५ फेकींत असा सहाचा चढउतार मुळीच दुर्मीळ नाही. शंभर मिनिटांच्या तक्त्यावरून उन्हाळ्यात कोट्यवधी डॉलर खर्चायचे म्हणजे दोन दिवसांच्या पावसावरून वर्षाचा पेरा ठरवण्यासारखं आहे.

मग लहान तक्ते टाकून द्यायचे का? नाही. त्यांतला निकाल बाजूला ठेवायचा आणि कारण शोधायचं. गुण कशामुळे गेले ते बघायचं. प्रतिस्पर्ध्यांच्या लांबच्या फेकी जास्त गेल्या असतील तर दुर्लक्ष करा, त्या पुढच्या महिन्यात कमी जातील. पण राखीव गट प्रत्येक सामन्यात बचावातले रिबाउंड, म्हणजे समोरच्याची फेक हुकल्यावर उडालेले चेंडू, गमावत असेल, चेंडू हातातून घालवत असेल, रिंगजवळ कुणीही सहज शिरत असेल, तर त्या सवयी आहेत. त्या कमी मिनिटांतही खऱ्या दिसतात. डेन्व्हरबाबत अशी एक ठळक सवय होती: २०२४-२५ मध्ये तीन गुणांसाठी सर्वांत कमी प्रयत्न करणारा संघ तोच होता. टक्केवारी चांगली, पण प्रयत्न कमी. योकिच असताना हे झाकलं जातं, कारण तो रिंगजवळची सोपी बास्केट तयार करून देतो. तो बसला की सोपी बास्केटही जाते आणि लांबची फेकही नसते.

भरपूर मिनिटं मिळालेली लाइनअपही बोध देते, मग तो न आवडणारा का असेना. त्याच मोसमात न्यूयॉर्क निक्सचे सुरुवातीचे पाच जण, ब्रन्सन, हार्ट, ब्रिजेस, अनुनोबी आणि टाउन्स, ९०० हून जास्त मिनिटं एकत्र खेळले. पाचही नावं मोठी, पण फरक जेमतेम अधिक ३ च्या आसपास. तेवढ्या मिनिटांनंतर त्याला दुर्दैव म्हणता येत नाही. ईस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत पहिले दोन सामने हरल्यावर प्रशिक्षक टॉम थिबोडो यांनी तिसऱ्या सामन्यात हार्टच्या जागी मिचेल रॉबिन्सनला सुरुवातीला उतरवलं. तक्ता ते बरेच महिने सुचवत होता.

आता संगतीविषयी, कारण खेळाडू निवडताना सर्वांत महागडी चूक इथेच होते. कॉल्डवेल-पोपने २०२३-२४ मध्ये डेन्व्हरसाठी तीन गुणांच्या ४० टक्क्यांहून जास्त फेकी आत टाकल्या. तो मोकळा उभा असायचा आणि योकिचचा पास बरोबर हातात, बरोबर क्षणी यायचा. २०२४ च्या उन्हाळ्यात तो ऑरलँडो मॅजिककडे गेला: तीन वर्षं, ६.६ कोटी डॉलर. तिथे त्याची टक्केवारी ३४ वर आली आणि वर्षभरात मॅजिकने त्याला मेम्फिसला देऊन टाकलं. माणूस तोच, हात तोच. ऑरलँडोने विकत घेतलेल्या आकड्यात योकिचचा वाटा किती होता, हे त्या टक्केवारीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या संघातला खेळाडू हेरताना मी म्हणूनच आधी हे बघतो, की त्याच्या फेकी कोण तयार करून देत होतं.

इथवर झालं गरज ओळखण्याचं. गरज ओळखणं सोपं आणि भागवणं कठीण, हे डेन्व्हरइतकं क्वचितच कुणी सोसलं असेल. २०२३ मध्ये त्यांनी मायामी हीटला ४-१ असं हरवून पहिलंवहिलं विजेतेपद मिळवलं. त्या संघात ब्रूस ब्राउन नावाचा सहावा माणूस होता. चेंडू हाताळणारा, कुणालाही अडवणारा, गरजेला गार्ड आणि गरजेला फॉरवर्ड. अंतिम फेरीच्या चौथ्या सामन्यात त्याने २१ गुण केले, त्यातले ११ शेवटच्या क्वार्टरमध्ये. लाइनअपच्या भाषेत तो सांधा होता: योकिचच्या गटातही बसायचा आणि राखीव गटातही.

विजेतेपदानंतर काही आठवड्यांत तो गेला. इंडियानाने त्याला दोन वर्षांचे ४.५ कोटी डॉलर दिले. डेन्व्हरने कंजूषपणा केला असं बऱ्याच जणांना वाटलं. पण नियमच आड आला होता. एनबीएत पगाराच्या बेरजेला मर्यादा आहे, तिला सॅलरी कॅप म्हणतात. डेन्व्हरसारखे मातब्बर संघ ती ओलांडतात, कारण आपल्याच खेळाडूला ठेवून घेण्यासाठी सवलत मिळते. ही सवलत खेळाडू संघात किती वर्षं आहे त्यावर ठरते. तीन वर्षं झाली असतील तर कमाल पगार देता येतो. ब्राउनचं एकच वर्ष झालं होतं, तेही सुमारे ६५ लाखांच्या करारावर. अशा खेळाडूला मागच्या पगाराच्या फार तर १२० टक्के देता येतात, म्हणजे ७८ लाखांच्या आसपास. समोर इंडियाना पहिल्याच वर्षासाठी २.२ कोटी घेऊन उभं. बोली लावायचाच हक्क नव्हता.

कॉल्डवेल-पोपची गोष्ट नेमकी उलटी. त्याच्याबाबत हक्क पूर्ण होता. अडथळा होता तो लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३ च्या नव्या सामूहिक कराराने आणलेल्या दुसऱ्या एप्रनचा. कॅपच्या वर करमर्यादा, जिच्यापुढे संघाला कर भरावा लागतो, त्यावर पहिला एप्रन, त्यावर दुसरा. २०२५-२६ चे आकडे सांगतो म्हणजे उंची कळेल: कॅप १५.४६ कोटी डॉलर, करमर्यादा १८.७९, पहिला एप्रन १९.५९ आणि दुसरा २०.७८. दुसरा ओलांडणाऱ्याला नुसता कर भरून सुटता येत नाही, हातपायच बांधले जातात. दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून मोठा खेळाडू आणता येत नाही. किमान पगाराहून थोडं जास्त देऊन माणूस घ्यायची सोय जाते. नव्या तरुण खेळाडूंची वाटणी होते तिला ड्राफ्ट म्हणतात; सात वर्षांपुढच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड गोठते, म्हणजे ती दुसऱ्या संघाला देता येत नाही. पूर्वी श्रीमंत मालक पैशांच्या जोरावर बेंच उभी करायचा, ती वाट या नियमाने बंद केली. डेन्व्हरने ती रेघ ओलांडायची नाही असं ठरवलं आणि सुरुवातीच्या पाचांतला एक दुवा गेला.

ब्रूस ब्राउन आणि कॉल्डवेल-पोप यांच्या जागा ड्राफ्टमधून आणलेली मुलं भरून काढतील, असा जनरल मॅनेजर कॅल्विन बूथ यांचा हिशेब होता. तो पूर्ण चुकला असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये २१ व्या क्रमांकावर घेतलेला क्रिश्चन ब्राउन कॉल्डवेल-पोपच्या जागी उभा राहिला आणि २०२४-२५ मध्ये सरासरी १५ गुण करून दाखवले. पण एका जागेसाठी तयार झालेला मुलगा राखीव गटातून वर गेला, की खाली भोक पडतं. राखीव सेंटर म्हणून घेतलेल्या दारिओ शारिचला फारसं खेळवलंच गेलं नाही. पहिल्या फेरीत घेतलेला डॅरॉन होम्स २०२४ च्या जुलैतच समर लीगमध्ये टाचेची शीर तुटून वर्षभर बाहेर गेला. मग योकिचची मिनिटं वाढली. त्या मोसमात त्याने सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड आणि १०.२ असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास, दिले. मोसमभर तिन्ही बाबतींत दोन अंकी सरासरी राखणारा तो इतिहासातला तिसरा खेळाडू, आणि दुसरा, रसेल वेस्टब्रूक, त्या वर्षी त्याच्याच संघात होता. एवढं करूनही विजय ५०. नियमित मोसमाचे तीनच सामने उरले असताना मलोन आणि बूथ दोघांनाही काढण्यात आलं आणि संघ डेव्हिड अॅडलमनच्या हाती आला.

प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, पहिल्या फेरीत क्लिपर्सशी सात सामने, दुसऱ्या फेरीत ओक्लाहोमा सिटीशी सात सामने. शेवटचा १२५-९३ असा गेला. गॉर्डन मांडीचा स्नायू दुखावलेला असताना खेळत होता, पोर्टरचा खांदा आधीपासून जखमी. मला त्या दिवशी स्कोअरपेक्षा समोरची बेंच बघून जास्त वाईट वाटलं. ओक्लाहोमाकडे माणसं संपतच नव्हती.

२०२५ च्या उन्हाळ्यात मात्र डेन्व्हरने जे केलं, ते मी आजवर पाहिलेल्या सर्वांत विचारी उन्हाळ्यांपैकी आहे, आणि ते समजायला वरचं सगळं लागतं. पोर्टरला ब्रुकलिनला दिलं, बदल्यात कॅमरन जॉन्सन घेतला. दोघेही लांबून ३९ टक्क्यांच्या आसपास नेम धरणारे. वरवर पाहता बरोबरीचा सौदा, तरी डेन्व्हरने वर २०३२ ची पहिल्या फेरीची निवड दिली, कोणत्याही अटीशिवाय. का? पोर्टरचा पगार ३.८ कोटींच्या वर, जॉन्सनचा २.१ कोटींच्या आसपास. तेवढंच काम आणि सुमारे पावणेदोन कोटी मोकळे. त्यांना खरं हवं होतं ते एप्रनच्या खालचं मोकळं आवार. जॉन्सन चेंडू टेकवत पुढे नेऊ शकतो, पास देऊ शकतो, म्हणजे योकिच नसतानाही त्याचा उपयोग होतो. पोर्टरला मात्र बहुतेक वेळा फेक तयार करून द्यावी लागायची.

त्या आवारात बाकीचे आले. शारिचला सॅक्रामेंटोला देऊन योनास व्हालांचुनास घेतला, पगार जवळपास दुप्पट. तो योकिच नाही आणि बचावात त्याला बाहेर ओढून खेळवता येतं, हे मला मान्य आहे. पण तो रिबाउंड सोडत नाही आणि रिंगजवळ चेंडू दिला तर गुण आणतो. उणे १० चं शून्य करायला एवढं पुरेसं असतं, अधिक १० करायची गरजच नाही. टिम हार्डवे ज्युनियर किमान पगारावर आला. तो लांबून फेकायला कचरत नाही, आणि सर्वांत कमी फेकणाऱ्या संघाला न कचरणारा माणूसच हवा होता. आणि ब्रूस ब्राउन परत आला. इंडियाना, टोरांटो, न्यू ऑर्लिन्स असं फिरून, गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन, तोही किमान पगारावर. दोन वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी बोली लावायचा हक्क नव्हता, तो आता सगळ्यांत स्वस्त करारात मिळाला.

यातली एकही निवड लाइनअपच्या तक्त्यातून थेट निघत नाही. व्हालांचुनास, हार्डवे आणि जॉन्सन एकत्र कधी खेळलेच नव्हते, त्यांची मिनिटं शून्य होती. तक्त्याने एवढंच सांगितलं होतं, की गळती कुठे आहे. ती कशी थांबेल हे खेळाडूंच्या सवयींवरून ठरवावं लागलं, आणि किती खर्च चालेल हे एप्रनवरून.

किंमत उरलीच. नियमानुसार सात ड्राफ्टच्या पुढची निवड देता येत नाही. २०३२ ही त्या उन्हाळ्यात देता येण्याजोगी अगदी टोकाची निवड होती, आणि जवळच्या वर्षांतल्या बऱ्याच निवडी डेन्व्हरने आधीच देऊन टाकल्या होत्या. संघ २०३२ मध्ये तळाला असला, तर तिथला उत्तम तरुण खेळाडू ब्रुकलिनला जाईल, आणि तो संघ बघणाऱ्या चाहत्यांपैकी काही आज शाळेतही जात नसतील. योकिच तेव्हा ३७ वर्षांचा असेल. तो आज तिशीत आहे, आणि तो विश्रांतीला बसला की ही बारा मिनिटं आजच सुरू होतात. मी त्या खुर्चीत असतो तर मीही ती निवड दिली असती.